माटोळीखाली दोन लेन्स

गोव्यात आठवडा काढला आणि मासा तोंडात पडला नाही, असं सांगणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा चवथीला गेलेला असतो. मी ठणठणीत होतो. गणेश चतुर्थीला तिकडं चवथ म्हणतात आणि ती पार पडेपर्यंत माझ्या सासुरवाडीत मासळीचं नावही निघत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. बायकोवर चिडलो तर ती म्हणाली, “तुम्ही विचारलंत कधी?”

विचारणार कधी? लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण चवथीला मी कारापूरला गेलोच नव्हतो. कोल्हापुरात आमच्याच घरी गणपती. तो सोडून जाणार कसं? यंदा धाकट्या भावानं नवं घर बांधलं आणि गणपती तिकडं नेला. मीना, म्हणजे माझी बायको, दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “आता तुमचं कारण संपलं. यंदा माझ्या माहेरची माटोळी बघायची.”

माटोळी म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्याकडं ती नसते. गणपती जिथं बसवायचा त्याच्या वर, छताला आडव्यातिडव्या लाकडी पट्ट्यांची चौकट टांगायची आणि तिला रानातली, परसातली फळं, शेंगा, फुलं, सुपारीचे घोस असं सगळं बांधायचं. आमच्याकडं गणपतीच्या डोक्यावर लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा असतात. तिकडं अख्खं रान लोंबत असतं.

खरं सांगायचं तर मी तयार झालो तो त्या रानासाठी. मी बँकेत नोकरी करतो आणि सुट्टीला मुंग्या, कोळी, फुलांचे केसर यांचे फोटो काढतो. त्यासाठी माझ्याकडं एक जुनी मॅक्रो लेन्स आहे. अगदी जवळ जाऊन बारीक गोष्ट मोठी करून दाखवणारी. तिला ऑटोफोकस नाही. रिंग हातानं फिरवायची आणि डोळ्याला स्पष्ट दिसलं की बटण दाबायचं. गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर वाढला आणि माझे फोटो किंचित पुसट यायला लागले. मग मी इंटरनेटवर बसलो. तिथं निम्मे लोक छातीठोकपणे सांगतात की मॅक्रोला ऑटोफोकस लागतच नाही, आणि उरलेले निम्मे तितक्याच छातीठोकपणे सांगतात की त्याच्याशिवाय दिवस फुकट. रात्री जेवताना मी हे मीनाला समजावून सांगायला लागलो की ती ताट घेऊन टीव्हीसमोर जायची.

शेवटी आमच्या कॅमेऱ्याच्या दुकानदारालाच माझी दया आली. ऑटोफोकसवाली नवी मॅक्रो लेन्स माझ्या हातात देऊन तो म्हणाला, “गोव्याला घेऊन जा, वापरा. आवडली तर जुनी मला द्या. नाही आवडली तर ही परत करा. पण आल्यावर मला पुन्हा विचारायला येऊ नका.”

तर मी दोन लेन्स, एक चालू कॅमेरा, एक जुना पडीक कॅमेरा आणि एक बायको घेऊन निघालो.

कोरगाव

आंबोली उतरून आम्ही आधी पेडण्याकडं वळलो. मीनाचा भाऊ दत्ताराम आणि त्याची बायको सुनीता माटोळीचं सामान गोळा करायला कोरगावला, सुनीताच्या माहेरी, आले होते. तिच्या वडिलांची तिथं काजूची डोंगरी आहे आणि तिच्या कडेला रान माजलेलं आहे. दत्ताराम आधी खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी थंडावल्यावर त्यानं टेम्पो घेतला. माणूस उंच, आवाज त्याहून उंच.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला. गरम उंडे, पातळ भाजी आणि चहा. कोल्हापुरात पाव म्हटलं की मिसळीबरोबर आलेला मऊ चौकोन. इथला उंडा वरून कडक, आतून मऊ, आणि तो भाजीत नीट बुडेपर्यंत थोडी वाट बघावी लागते. मी वाट न बघता तीन संपवले.

डोंगरीवर गेल्यावर माझी परीक्षा सुरू झाली. एका काजूच्या झाडावर हुमल्यांनी पानं शिवून घरटं केलं होतं. हुमले म्हणजे लाल, चावऱ्या मुंग्या. मी जुनी लेन्स लावली. मॅन्युअलची गंमत अशी की रिंग एकदा बसवली की आपण स्वतःच पुढंमागं डुलायचं आणि मुंगी स्पष्ट दिसली की बटण दाबायचं. मी असा डुलत डुलत फांदीत इतका शिरलो की घरट्याला डोकं लागलं. पुढचं वर्णन करण्यासारखं नाही. शर्ट काढून मी उतारावरून पळालो आणि सुनीता तोंडावर पदर घेऊन हसली.

मग नवी लावली. ती लांबून फुलपाखरू टिपायची, झटक्यात. पण जवळच्या गवताच्या पात्यावर नेली की आतल्या आत घुर्र घुर्र करत पुढं जायची, मागं यायची, आणि तिला नेमकं काय हवंय ते ठरेपर्यंत पात्यावरचा किडा घरी जाऊन जेवून आलेला असायचा. पुन्हा जुनी. वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, नखाएवढी निळी फुलं होती. तिथं जुनी बरी वाटली. तेवढ्यात चतुर आला. पुन्हा नवी.

दत्ताराम पाठीवर रानफळांची गोणी घेऊन उभा होता. बराच वेळ त्यानं दम धरला.

“भावोजी,” तो म्हणाला, “तुमी फोटो काडतात काय लेन्सी बदलतात?”

डिचोलीचा बाजार

दुसऱ्या दिवशी टेम्पोच्या मागं सामान आणि पुढं आम्ही चौघं दाटीवाटीनं. कोरगावात कवंडळं मिळाली होती, शेंदरी रंगाची, खायला निरुपयोगी आणि बघायला देखणी. घागऱ्यो मिळाल्या होत्या, हलवल्या की खुळखुळणाऱ्या शेंगा. आंबाड्यांचे, म्हणजे कैरीसारख्या छोट्या आंबट फळांचे, घोस मिळाले होते. उरलेलं डिचोलीच्या बाजारात घ्यायचं होतं.

चवथीच्या आधीचा हा बाजार मी विसरणार नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना बायका पोती पसरून बसलेल्या आणि पोत्यांवर अशा वस्तू की त्यांतल्या निम्म्यांची नावं मला माहीत नव्हती. पंख फुटलेली फळं, केसाळ फळं, गाठी, वेल, पाकळ्यांसारखी पांढरी पानं. मॅक्रोवाल्या माणसाला देवानं स्वर्ग दाखवला तर तो असाच असेल. मी एका पोत्यासमोर उकिडवा बसलो आणि उठेचना. शेवटी विकणारी बाई म्हणाली, “घेवचें जाल्यार घे, ना जाल्यार वजन पडटा तुजें माज्या भाजयेर.”

उठून बघतो तर मीना आणि दत्ताराम एका दुकानासमोर भांडत होते. दुकानात प्लास्टिकची फळं टांगली होती. प्लास्टिकचे पेरू, प्लास्टिकची सीताफळं, प्लास्टिकचे सुपारीचे घोस. दत्तारामनं त्यांची भली मोठी पिशवी भरून घेतली होती.

“आपल्या माटोळीला प्लास्टिक?” मीना म्हणाली. “बाबा असते तर तुला घरात घेतलं नसतं!”

“बाबा ना. आई आसा,” दत्ताराम म्हणाला. “आनी आईक ह्या वर्सा परत तसलें कांय सोसचें ना. तूं खंय आशिल्लें गेल्या वर्सा?”

मग मला सगळं कळलं. त्या घरात माटोळीला बांधायची प्रत्येक वस्तू आधी माईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हाताखालून जायची. डागी, फुटकं, किडकं काही देवाच्या डोक्यावर चढवायचं नाही. त्या एकेक फळ फिरवून बघायच्या, ‘चलता’ म्हटलं की बांधायचं आणि ‘चलना’ म्हटलं की बाजूला. लग्न होऊन आल्यापासून हे काम त्यांचं. गेल्या वर्षी ऐन जेवणाच्या वेळी माटोळीतल्या एका पेरूतून अळी पडली. नेमकी नैवेद्याच्या पानावर. पंगतीला आलेल्या कुणी नातेवाईक बाई सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “माईच्या दोळ्यांनी आतां सुटी घेवची.”

माईंनी सुटी घेतली. डोळ्यांचं खरंच काही तरी झालं होतं. पडद्याचा मधला भाग झिजलाय, काठाकाठानं दिसत राहील, पण जिथं नजर रोखावी तिथं धुकं असेल, आणि यावर ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. यंदा माटोळीचं सुनीतानं बघावं असं माईंनी ठरवलं. सुनीता नाही म्हणाली.

“माका भंय दिसता,” ती टेम्पोत मला हळूच म्हणाली. “किडको एक गेलो जाल्यार लोक आईक उलयले, मग माका सोडतले?”

म्हणून प्लास्टिक. प्लास्टिकला कीड लागत नाही. दत्ताराम वाईट माणूस नव्हे, आईला जपत होता. पण मीनानं घरापर्यंत तोंड खिडकीकडं फिरवून ठेवलं.

कारापूर

घर साखळीच्या रस्त्यापासून थोडं आत, पुढं तुळस आणि मागं माडा-पोफळींची बाग, कुळागर. सोप्यावर माई बसल्या होत्या. त्यांनी माझ्या कानाच्या मागं कुठं तरी बघत म्हटलं, “येयात, जावयबापू.” माझ्या मागून आणखी कुणी आलंय असं वाटून मी वळून बघितलं. कुणी नव्हतं. मग समजलं आणि लाजलो.

दत्तारामनं पिशवी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी आत हात घालून एक पेरू काढला, दाबला, नखानं जरासा खरवडला आणि परत ठेवला.

“बरें केलें,” त्या म्हणाल्या. “आतां किडीचो भंय ना.”

एवढंच बोलून त्या आत गेल्या आणि खोलीचं दार ओढून घेतलं. कोरगावहून आणलेल्या गोणीचं तोंडही कुणी सोडलं नाही. उद्याचा एकच दिवस हातात होता, परवा चवथ. खोबरं किसायचं, हळदीची पानं पुसायची, नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सारण, घरात कामाची नुसती झुंबड, आणि त्या सगळ्यात जिच्या शब्दावर हे घर चालायचं ती बाई दार लावून बसलेली. मला ते बघवेना. पण जावयानं बोलायचं तरी काय?

जावयाला एकच गोष्ट येत होती, ती त्यानं केली. दिवेलागणीला मी कॅमेरा केबलनं टीव्हीला जोडला आणि कोरगावचे फोटो दाखवायला बसलो. पाहुणा फोटो दाखवतो आणि घरचे जांभया आवरतात, हा प्रकार आमच्याकडं आणि त्यांच्याकडं सारखाच आहे. माईंना मीनानं हाताला धरून आणलं. त्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसल्या, पण टीव्हीकडं न बघता जनेलाकडं, खिडकीकडं, तोंड करून. त्या रुसल्यात असं मला वाटलं.

पडद्यावर हुमला आला. टीव्हीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच मुंगी. सुनीता “शी!” म्हणाली.

“त्या हुमल्याचो एक पांय मोडला काय रे?” माई म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी बघितलं. मधला डावा पाय अर्ध्यातून तुटलेला होता. फोटो माझा, आणि मला ते दिसलं नव्हतं.

“आई,” दत्ताराम पुढं झाला, “तुका दिसता?”

“हुमलो म्हशीयेवडो केल्यार कोणाकय दिसतलो,” माई म्हणाल्या. त्यांचं तोंड अजून जनेलाकडंच होतं. आता माझ्या लक्षात आलं. त्या रुसलेल्या नव्हत्या. डोळ्याच्या काठानं बघत होत्या.

मीनानं माझ्याकडं बघितलं. पंचवीस वर्षांत तिनं माझ्या कॅमेऱ्याकडं एवढ्या आशेनं कधी बघितलं नव्हतं.

सकाळी मी मेज ओढून टीव्हीसमोर घेतलं, कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, त्याच्यापुढं एक पेरू ठेवला. इथले लोक पेरूला पेर म्हणतात. नवी लेन्स लावली होती, कारण सासुरवाडीत नवी वस्तू काढायची माणसाला हौस असते. पेरू टीव्हीवर आला, भोपळ्याहून मोठा. मी ऑटोफोकसचं बटण दाबलं. पेरू स्पष्ट झाला, पुसट झाला, जवळ आला, लांब गेला, पुन्हा पुसट. घुर्र घुर्र चालूच.

माईंनी डोळे मिटून डोकं धरलं. “ताका वारें आयलां काय?” त्या म्हणाल्या. “म्हजी तकली भोंवता.”

सुनीता हसली, दत्ताराम हसला, मीही हसलो. पण हे जमलं नाही तर माई परत त्या दारामागं जाणार आणि तिथून पुन्हा कधी बाहेर येतील याचा भरवसा नव्हता. मी घाईघाईनं जुनी लेन्स चढवली.

मॅक्रोमध्ये अख्खी वस्तू एकदम स्पष्ट दिसत नाही. एक पातळ काप तेवढा स्पष्ट असतो, पुढचं मागचं सगळं धूसर. इतकी वर्षं मी त्याच्या नावानं खडे फोडत आलो. पण आता मी रिंग हळूहळू फिरवली आणि तो काप पेरूच्या पुढच्या टोकापासून मागं सरकत गेला. साल, सालीवरचे ठिपके, देठाची खळगी. पेरूवरून कुणी बोट फिरवावं तसं. जुन्या लेन्सची रिंग लांब फिरते, जराशा हालचालीनं दृश्य उडी मारत नाही. माई मान वाकडी करून बघत राहिल्या.

“थांबात. फाटीं वचात. मातशें. आनीक मातशें.”

मी मागं नेलं. जास्त गेलं. पुढं आणलं. पुन्हा जास्त.

“तुमका जमना,” माई म्हणाल्या. “हांगा हाडात.”

कदेल कॅमेऱ्याजवळ सरकवलं. मी त्यांचा हात धरून रिंगवर ठेवला. पातोळ्यांची शेकडो पानं पुसलेला, नारळ किसलेला तो हात. मला वाटलं होतं शिकवावं लागेल. त्यांनी रिंग एकदा शेवटपर्यंत नेली, एकदा परत आणली, टीव्हीवर काय होतंय ते बघितलं आणि मग अशी फिरवायला लागल्या की मी हात मागं घेतला. देठाच्या खळगीजवळ हात थांबला.

“हें कितें काळें?”

टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. भोवती बारीक भुसा. दत्तारामनं सुरी आणून पेरू कापला. आत अळी होती.

“चलना,” माई म्हणाल्या.

तो शब्द ऐकून स्वयंपाकघरातून मीना धावत आली. हाताला पीठ, डोळ्यांत पाणी. आल्या आल्या ती माझ्यावरच खेकसली, “बघताय काय? दुसरा ठेवा ना!”

मग दुपार टळेपर्यंत माझं काम एकच. फळ ठेवायचं, फिरवायचं, उचलायचं. नारळ, केळीचा घड, तोरिंजं असली मोठी फळं माईंनी हातानं आणि वासानंच बघितली. बारीक सगळं लेन्ससमोर आलं. कवंडळाच्या शेंदरी सालीवर पांढऱ्या रेषा आहेत हे सुनीतानं जन्मात पहिल्यांदा बघितलं. घागऱ्यो वाजत वाजत पास झाल्या. आंबाडे शेवटी आले, तोवर सगळ्यांना भूक लागली होती आणि ते जरा घाईतच उरकले. माझी कंबर मोडली. मी हळू चालवतोय म्हणून माईंनी मला दोनदा झापलं, आणि सासूबाईंनी झापलेलं मला एवढं आवडेल असं कधी वाटलं नव्हतं.

सुनीता शेजारी उभी राहून ‘चलता’ आलेलं फळ पाटीत ठेवत होती. संध्याकाळी ती माईंना म्हणाली, “आई, हांव बांदतां. तुमी फकत सांगात.” प्लास्टिकच्या फळांची पिशवी दत्तारामनं टेम्पोत सीटखाली टाकली.

माटोळी वर चढली आणि मी फोटो काढायला खाली उभा राहिलो. एक कवंडळ नीट दिसत नव्हतं म्हणून जरा वळवायला हात वर केला.

“भावोजी! हात!” दत्ताराम एवढ्या जोरात ओरडला की माझ्या हातून कॅमेरा सुटता सुटता राहिला. एकदा बांधली की विसर्जनापर्यंत माटोळीला हात लावायचा नाही. आमच्याकडं आरती सुरू होईपर्यंत कुणी तरी शिडीवर चढून दिव्यांच्या माळा सरळ करत असतं. मी कान पकडले.

हात लावायचा नाही, आणि वर पंखा फिरतोय. सगळी फळं झुलत होती. जुनी लेन्स इथं निकामी. मी रिंग फिरवेपर्यंत फळ पलीकडं गेलेलं. नवी लावली आणि तिनं मात्र कमाल केली. झुलणारी घागरी, झुलणारी सुपारी, पटापट. एकदाच चुकली. मी समोरच्या कवंडळावर नेम धरला होता आणि तिनं त्याला सोडून मागचा एक आंबाडा पकडला. मी तिला मनातल्या मनात शिवी घातली आणि पुढचा फोटो घेतला.

चवथीला घर भरलं. अनेक भाज्यांचं खतखतं, मुगाच्या गाठी, हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या. माई माटोळीखाली पाटावर बसल्या होत्या, येणाऱ्याच्या कानामागं बघत. गेल्या वर्षीच्या त्या नातेवाईक बाईही आल्या. त्यांनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं.

“कोणें पळयलें ह्या वर्सा?” फळं यंदा कुणी पारखली, असं त्या विचारत होत्या.

“हांवें,” माई म्हणाल्या. “आनी कोण पळयतलो?”

मला इतका आनंद झाला की पोट भरलेलं असताना मी आणखी एक पातोळी मागून घेतली.

परत कोल्हापूर

निघायच्या आदल्या दिवशी विसर्जन झालं, माटोळी उतरली, फळं घरोघर वाटली आणि आंबाड्यांचा आंबटगोड रस्सा झाला. सकाळी बॅग भरताना मी जुनी लेन्स आणि तो पडीक कॅमेरा बाहेर काढून मेजावर ठेवला. केबल कुठं लावायची, कॅमेरा चार्ज कसा करायचा, हे सुनीताला दाखवलं. तिला एकदाच सांगावं लागलं. मीना दारात उभी होती. नंतर घाट चढेपर्यंत तिनं माझ्या खांद्यावरून हात काढला नाही.

दुकानात गेलो. दुकानदारानं हात पुढं केला. “आणा जुनी.”

“ती नाही मिळायची,” मी म्हटलं. “नवीचे पूर्ण पैसे घ्या.”

“म्हणजे ऑटोफोकस लागतो तर!”

“झुलत असेल तर लागतो,” मी म्हटलं. “मेजावर असेल तर माणसाचा हात बरा. तोही माझा नव्हे.”

त्यानं कपाळाला हात लावला.

त्यानंतर थोड्या दिवसांनी माटोळीचे सगळे फोटो मी सुनीताला पाठवले. निवडून नव्हे, होते तसे. रविवारी दुपारी दत्तारामचा फोन आला. मागं टीव्हीचा आवाज नव्हता, नुसती हसण्याची धांदल.

“भावोजी, सकाळपसून मॅच लावंक दिना आई! तुमचे फोटो पळयत बसल्या. घेयात, उलयात.”

फोन माईंकडं गेला. “जावयबापू, तो आंबाड्याचो फोटो तुमी मुद्दाम धाडला काय?”

“कुठला, माई?”

“फुडें कवंडळ पुसट, फाटल्यान आंबाडो. त्या आंबाड्याक भोंक आसा. देठाकडेन. हांवें त्या दिसा पळोवंकच ना.”

माझं काळीज लक्‌कन हललं. फोटो उघडून बघितला. भोक होतं, अगदी स्पष्ट. जुन्या लेन्ससमोर घाईत निसटलेलं, आणि मी शिवी घातलेल्या लेन्सनं नेमकं तेच धरलेलं. गेल्या वर्षी एका अळीनं ही बाई दारामागं गेली होती, आणि यंदा मीच तिला दुसरी पाठवून दिली. “माई, जाऊ दे हो, एखादं राहतंच...” असं काही तरी मी पुटपुटायला लागलो.

पलीकडून हसू आलं. मोठं, पोटातून. माई हसत होत्या आणि मागं सुनीताही.

“रवतलें कशें ना? शंबर आंबाडे आशिल्ले. रश्शांत गेलो तो, कोणें तरी खालो आसतलो.” मग त्यांनी सुनीताला काही तरी सांगितलं, आणि पुन्हा फोनवर आल्या. “आयकात, जावयबापू. फुडल्या वर्सा एक दीस आदीं येयात. आंबाडे मातशे सवकास पळोवया.”